तीन पिढ्यांनी एकत्र सहलीला जायचे आहे: ठिकाण, मुक्काम आणि खर्च कसा ठरवावा?

प्रश्न: पुणेकर सून

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाल्यावर, मुलांच्या शाळा पुन्हा सुरू होण्यापूर्वी, सासरच्या सगळ्यांनी मिळून चार-पाच दिवस कुठेतरी जाऊन यावे असे घरात ठरले आहे आणि आखणीचे काम माझ्याकडे आले आहे. आम्ही पुण्यात सासू-सासऱ्यांसह राहतो, मोठे दीर आणि जाऊबाई नाशिकला असतात आणि नणंदेचे कुटुंब डोंबिवलीला आहे. लहानथोर मिळून आम्ही बारा जण होतो. सासरे ७८ वर्षांचे आहेत, प्रकृतीने खुटखुटीत आहेत आणि रोज सकाळी फिरायला जातात. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणे त्यांना अधिक जड जाते, शिवाय मधुमेहामुळे त्यांना जेवणापूर्वी इन्शुलिन घ्यावे लागते. मुलांमध्ये सर्वांत मोठा पुतण्या १६ वर्षांचा आणि सर्वांत धाकटी माझी मुलगी सहा वर्षांची आहे.

पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी कुठेही मिळते, माझा प्रश्न थोडा निराळा आहे. यापूर्वी आम्ही सगळे मिळून एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो, तेव्हा गाडीत, हॉटेलात आणि फोटोंत सगळे एकत्र होते, पण प्रत्येक जण जणू आपापल्या वेगळ्या सहलीला आला होता. सासूबाई बहुतेक ठिकाणी गाडीतून उतरल्याच नाहीत, पुतण्या कानात इअरफोन घालून बसला, पुरुष मंडळींचा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात गेला आणि आम्ही बायका मुलांचे खाणेपिणे आणि ओले कपडे यांतच अडकलो. परतल्यावर सासरे एवढेच म्हणाले की घरी निदान दुपारचा चहा तरी आपण सगळे बरोबर घेतो.

या वेळी कोल्हापूर-पन्हाळा करावे असे दिरांचे म्हणणे आहे, कारण जोतिबा हे आमचे कुलदैवत आहे आणि धाकट्या मुलांना तिथे अजून नेलेले नाही. नणंदेला आणि मुलांना समुद्र हवा आहे, त्यामुळे गुहागर किंवा गणपतीपुळे ही नावे पुढे आली आहेत. सासू-सासरे मात्र ‘तुम्ही जा, आम्ही घर सांभाळतो’ असेच म्हणत आहेत. एकाच जागी मुक्काम ठेवावा की फिरते राहावे, ज्येष्ठांना न दमवता आणि मुलांना कंटाळा न येता दिवस कसा आखावा, आणि तिन्ही घरांची मिळकत सारखी नसताना खर्चाची वाटणी कोणालाही न दुखावता कशी करावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद: घाटमाथा

माझे मत तुमच्या दिरांच्या बाजूने आहे आणि त्याचे मुख्य कारण सासूबाईंचे गुडघे हेच आहे. आपल्याकडचे बहुतेक किल्ले पाहायचे म्हणजे चढण आलीच. पन्हाळा मात्र नांदता किल्ला आहे, तिथे वस्ती आणि बाजार तटबंदीच्या आतच आहे आणि गाडी थेट वर जाते. तीन दरवाजा, अंबारखान्याची धान्यकोठारे, सज्जा कोठी या जागी गाडीतून उतरल्यावर फारसे चालावे लागत नाही. कोल्हापूर शहर तिथून सुमारे २० किलोमीटरवर आहे, त्यामुळे पन्हाळ्यावरच मुक्काम ठेवून शहरात जाऊन येणे सहज जमते. मुक्काम एकच असावा याविषयी मी आग्रही आहे. बारा माणसांच्या बॅगा भरून, खोल्या सोडून, दुसरीकडे जाऊन पुन्हा खोल्या ताब्यात घेईपर्यंत अर्धा दिवस संपतो, आणि त्या अर्ध्या दिवसात घरातल्या माणसांचे एकमेकांशी जे बोलणे होते ते बहुतेक चार्जर कुठे आहे एवढ्यापुरतेच असते.

पन्हाळ्याला मुलांसाठीही पुष्कळ आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून भर पावसातल्या रात्री निसटले, शिवा काशीद महाराजांच्या वेशात शत्रूच्या हाती लागला आणि बाजीप्रभूंनी विशाळगडाच्या वाटेवर खिंड लढवली, हे सगळे मुलांनी शाळेत वाचलेले असते. पण तटावर उभे राहून वेढा कुठे पडला असेल आणि वाट कोणत्या बाजूने गेली असेल हे दाखवले की तेच वाचन जागे होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत पन्हाळा आहे. तुमच्या पुतण्याकडे ही गोष्ट सांगण्याचे काम सोपवून पाहा. त्याचा मोबाइल काढून घेण्यापेक्षा त्याच मोबाइलवर त्याला नकाशा उघडायला लावणे बरे.

जोतिबाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगतो: देवळापर्यंत पायऱ्या उतरून जावे लागते, आणि तुम्ही लिहिले आहे की सासूबाईंना उतरणेच जड जाते. रविवार आणि पौर्णिमा हे गर्दीचे दिवस टाळा, दुकानदारांना विचारून कमी पायऱ्यांची बाजू शोधा, आणि तेही शक्य नसेल तर वरूनच शिखरदर्शन घेण्याला कोणी कमीपणा मानू नये. अंबाबाईचे देऊळ भर शहरात, सपाटीवर आहे, त्यामुळे तिथे त्रास पायऱ्यांचा होणार नाही, झाला तर रांगेचा होईल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे किरणोत्सव असतो, मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि संध्याकाळी फार गर्दी होते. तुमच्या तारखा त्याच्या आसपास येत असतील तर दर्शन सकाळीच उरकावे.

आता बारीकसारीक गोष्टी. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली पायरी उंच असते, म्हणून प्लॅस्टिकचे एक ठेंगणे, भक्कम स्टूल गाडीत ठेवा; गुडघेदुखी असलेल्या माणसाचा गाडीतून उतरण्याचा कंटाळा पुष्कळदा त्या एका पायरीमुळे असतो. तळमजल्यावरची खोली, कमोड आणि बाथरूममध्ये धरायला दांडी, या तीन गोष्टी खोलीचे फोटो मागवूनच खात्री करून घ्याव्यात, कारण फोनवर सगळेच ‘आहे’ म्हणतात. इन्शुलिन सामानाच्या डिकीत न ठेवता गार पिशवीत घालून हाताशी ठेवा आणि जेवणाची वेळ हॉटेलवाल्याशी आधीच पक्की करा. नणंदेच्या कुटुंबाला पुण्याला येऊन मग पुढे निघण्याची गरज नाही. मुंबईहून सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला थांबते आणि सकाळी कोल्हापूरला पोहोचवते.

प्रतिसाद: दाभोळची खाडी

मी गुहागर तालुक्यातलाच असल्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो. तरीही समुद्राची बाजू मांडणे भाग आहे, कारण वरच्या प्रतिसादात तिचा विचारच झालेला नाही.

जिथे जायचे तिथे काहीतरी ‘पाहायचे’ असले की ज्याला चालता येत नाही तो मागे पडतो. समुद्रकिनारी पाहायचे ते समोरच असते. गुहागरला गाव आणि किनारा एकमेकांना लागून आहेत, मध्ये सुरूची झाडे आहेत. वाळूच्या कडेला खुर्ची टाकून दिली की सासूबाईंना नातवंडे दिसतात आणि नातवंडांना आजी दिसते, आणि कोणालाही कोणासाठी थांबावे लागत नाही. व्याडेश्वराचे देऊळ बाजारपेठेतच आहे. हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर ही दोन्ही ठिकाणे एका सकाळी निवांतपणे होतात.

मुलांना सर्वांत जास्त काय आवडेल म्हणाल तर फेरीबोट. दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला माणसांसकट गाड्या बोटीत चढवून खाडी पार करतात. गाडी बोटीत शिरते, पाटी वर होते आणि इंजिन बंद असलेल्या गाडीत बसल्या-बसल्या आपण पाण्यावरून पुढे जातो, याचे सहा वर्षांच्या मुलीला जेवढे अप्रूप वाटते तेवढेच ७८ वर्षांच्या माणसालाही वाटताना मी पाहिले आहे. तवसाळ-जयगड मार्गाने गेल्यास गुहागरहून गणपतीपुळे आणि शेजारचे केशवसुतांचे मालगुंड एका दिवसात पाहून परत येता येते. गणपतीपुळ्याला पाण्यात उतरताना मात्र अतिशय सावध राहावे. तिथे खोली अचानक वाढते, पाण्याला ओढ असते आणि किनाऱ्यावरच्या सूचनांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवर जिवावरचे प्रसंग आलेले आहेत. ओहोटी सुरू असताना मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका.

जेवणासाठी घरगुती निवास बघा. तिथे माणसे मोजून स्वयंपाक होतो, म्हणून दुपारचे सकाळी आणि रात्रीचे दुपारी सांगावे लागते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. इन्शुलिनच्या वेळेचे सांगितले तर घरची माणसे ती वेळ पाळतात, हॉटेलाच्या मुदपाकखान्याकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही.

एक उणे मान्य करतो. पुण्याहून कराडच्या बाजूने कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला यायचे तर सकाळी लवकर निघूनही पहिला दिवस प्रवासातच जातो, आणि नाशिकहून येणाऱ्यांना तर त्याच्या आदल्या दिवशी पुणे गाठावे लागेल. चार दिवसांपैकी दोन दिवस गाडीत घालवायला तुमच्या सासूबाईंची कंबर तयार आहे का, हे त्यांनाच विचारावे.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका, सातारा

मी ७४ वर्षांची आहे आणि इथे बहुधा वाचनापुरतीच येते. आज तुमच्या सासू-सासऱ्यांच्या बाजूने लिहावेसे वाटले.

आमच्या वयाची माणसे ‘तुम्ही जा’ म्हणतात तेव्हा जाण्याची इच्छा नसते असे नाही. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल, आपल्यापायी खर्च वाढेल आणि त्याहीपेक्षा प्रवासात स्वच्छतागृह कुठे आणि कसे मिळेल, ही भीती असते. शेवटची गोष्ट तर आम्ही पोटच्या मुलालाही सांगत नाही, सुनेला किंवा जावयाला सांगणे दूरच. मग त्यावर उपाय म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी पिणे कमी करतो, आणि तुमच्या सासूबाईंसारख्या मधुमेह असलेल्या व्यक्तीने ते करणे चांगले नाही. म्हणून दर दीड तासाने गाडी थांबलीच पाहिजे असा नियम करा, स्वच्छ जागा कुठे आहेत हे आधी हेरून ठेवा आणि थांबताना ‘आईंसाठी थांबलो’ असे मात्र चुकूनही म्हणू नका. चालकाला चहा हवा आहे म्हणा.

दुसरे असे की त्यांना ‘येणार का?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच देऊन टाकलेले आहे. ‘जायचे आहेच, तर तुम्हाला काय पाहावेसे वाटते?’ असे विचारा, आणि दोघांना वेगवेगळे विचारा. पन्नास वर्षे संसार केलेली माणसे एकमेकांच्या वतीने उत्तरे देतात आणि ती उत्तरे बरोबर असतातच असे नाही. इतके करूनही दोघांपैकी कोणी मनापासून नाही म्हणाले, तर मात्र ते मान्य करावे. ओढून नेलेले माणूस सगळ्यांचीच सहल जड करते.

तिसरी गोष्ट सुनांसाठी. हल्ली मोठी कुटुंबे स्वयंपाकघरासह बंगला भाड्याने घेतात, कारण तो हिशेबात स्वस्त पडतो. घेऊ नका. तिथे पहिल्या सकाळी बारा कप चहा कोणीतरी करते आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई. सुना ओट्यापाशी उभ्या आहेत हे पाहून सासूला बसवत नाही, ती दुखऱ्या गुडघ्यांनी उठते, आणि मग घरचाच दिवस परगावी सुरू होतो. हातात आयता चहा येणे ही ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना चहा दिला तिच्यासाठी सहलीतली मोठी गोष्ट असते, तिची किंमत खोलीभाड्यात मोजू नका.

दिवसभर सगळ्यांनी एकत्रच असले पाहिजे हा अट्टहासही नको. दुपारी दोन तास आम्हाला पडू द्या आणि त्या वेळात मुलांना घेऊन खुशाल चढा, उतरा, पोहा. एकटे राहण्याचे आम्हाला दुःख नाही, वाईट वाटते ते चपला आणि पिशव्या राखायला बसवून जाता त्याचे. संध्याकाळ मात्र सगळ्यांची ठेवा. पत्त्यांचे दोन जोड बरोबर घ्या. बदाम सात आणि झब्बू हे खेळ सहा वर्षांच्या मुलीलाही येतात आणि त्यांत आजी-आजोबा मुद्दाम हरत नाहीत, उलट नातवाच्या हातात सत्ती अडवून बसायला आम्हाला आवडते. गाण्याच्या भेंड्यांत आमची गाणी त्यांना ठाऊक नसतात आणि त्यांची आम्हाला, त्यावरून होणारी भांडणे मला तरी गाण्यांपेक्षा जास्त आवडतात.

प्रतिसाद: शिवसागर

वर कोयनानगरचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझे वडील साठच्या दशकात कोयना प्रकल्पावर नोकरीला होते. निवृत्तीनंतर तेही प्रत्येक सहलीला नकारच देत असत. एकदा आम्ही भावंडांनी ठरवून त्यांना कोयनानगरलाच न्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी स्वतःच कपड्यांची बॅग भरली.

धरणावर मुक्तपणे जाता येत नाही, पण तिथल्या नेहरू उद्यानातून भिंत समोर दिसते. तिथे बाकावर बसून वडील बोलायला लागले. पूर्वेकडे जाणारे पाणी अडवून ते बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कसे नेले, पोफळीचे वीजघर डोंगराच्या आत का आहे आणि वीज तयार झाल्यावर तेच पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडे कसे जाते, हे त्यांनी काठीने मातीत रेघा ओढून नातवंडांना दाखवले. मुलांनी हे सगळे भूगोलात गुणांसाठी पाठ केलेले होते. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचे त्यांनी सांगितले: भूकंपाचा तो आवाज, अंधारात पडलेल्या भिंती, आणि उजाडेपर्यंत खालच्या गावांतल्या माणसांच्या मनातला एकच प्रश्न, की धरण उभे आहे की नाही. धरणाला तडे गेले होते, पण ते टिकले आणि पुढे त्याचे मजबुतीकरण झाले. हे सगळे मी लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांनी ऐकत आलो होतो, सलग मात्र त्या दिवशी प्रथमच ऐकले. माझ्या मुलीने ते त्यांच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर यातच आहे. ज्येष्ठांना सोयीचे ठिकाण शोधणे हे झालेच, पण जमल्यास असे ठिकाण शोधा जिथे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. नवख्या जागी ते कुटुंबामागून चालतात, ओळखीच्या जागी पुढे असतात, आणि मग त्यांच्या चालीने चालण्याचे कोणालाही ओझे वाटत नाही. तुमच्या सासऱ्यांचे शिक्षण कुठे झाले, पहिली नोकरी कुठे लागली, सासूबाईंचे आजोळ कोणते, हे विचारून पाहिले आहे का? गुहागर की पन्हाळा हा वाद त्यानंतर घालावा.

प्रतिसाद: वसतिगृहातला

मी १९ वर्षांचा आहे, त्यामुळे पुतण्याच्या वतीने थोडे लिहितो. घाटमाथा यांनी त्याला इतिहास सांगण्याचे काम द्यायला सुचवले आहे, त्याला माझा विरोध आहे. बारा नातेवाइकांसमोर उभे राहून वेढ्याची माहिती सांगणे म्हणजे सुट्टीत आलेला तोंडी परीक्षेचा पेपर, आणि मध्येच कोणीतरी काका चूक दुरुस्त करणार हे ठरलेलेच असते. त्यापेक्षा त्याला खराखुरा अधिकार द्या: एका दिवसाचे जेवण कुठे करायचे हे तो ठरवील आणि ते वाईट निघाले तरी कोणी बोलणार नाही. कोल्हापूरला गेलात तर मिसळ कुठली खायची याचा निर्णय त्याच्यावर सोपवला तरी तो दोन दिवस आधीपासून सहलीत शिरेल. आणि त्याला रोज एक तास एकट्याला फिरू द्या. इअरफोन आपोआप निघतात, काढायला लावले की निघत नाहीत.

प्रतिसाद: हिशेबाची वही

खर्चाविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. ठिकाण ठरवण्यापूर्वी रक्कम ठरवा, आणि ती ज्या घराची मिळकत कमी आहे त्याला झेपेल एवढीच ठेवा; त्या घराला स्वतःहून ‘आम्हाला परवडणार नाही’ असे म्हणण्याची वेळ येऊ देऊ नये. सासू-सासऱ्यांचा खर्च माणशी हिशेबात न धरता भावंडांनी आपसांत वाटून घ्यावा. प्रवास आणि खोल्या यांची वर्गणी निघण्यापूर्वीच एकाकडे जमा करावी, म्हणजे प्रत्येक चहाच्या वेळी पाकिटे काढण्याची झटापट होत नाही, आणि खरेदी ज्याची त्याची. सासऱ्यांना एक जेवण आपल्या पैशांनी द्यावेसे वाटले, तर त्यांना ते देऊ द्या आणि काउंटरपाशी त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना रोजचे किमान किलोमीटर, टोल आणि चालकाचा भत्ता कोणाकडे, हे लेखी घ्या. एस.टी.चाही विचार करायला हरकत नाही. ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात एस.टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे, त्यामुळे तुमच्या घरातले फार थोडे जण पूर्ण भाड्याचे निघतील. आमच्यासारखी चाळीस-पन्नास माणसांची भावकी असेल तर प्रासंगिक कराराने एस.टी.ची अख्खी गाडीच घेता येते.

पुणेकर सून

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षिका काकूंनी सांगितल्याप्रमाणे दोघांना वेगवेगळे विचारले, आणि शिवसागर यांचा प्रश्नही सासऱ्यांना विचारला. ते शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम कॉलेजात होते एवढे आम्हाला माहीत होते. पण आपण राहायचो ती खोली, रंकाळ्यावरची संध्याकाळची फेरी आणि महिनाअखेरीला उधारीवर जेवू घालणारी खानावळ नातवंडांना दाखवावी असे त्यांच्या मनात कित्येक वर्षे आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. खानावळ आता नसेल हे त्यांना माहीत आहे, तरी ती गल्ली पाहायची आहे. सासूबाईंनी आधी ‘मला काय, कुठेही चालेल’ असे सांगितले आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या की जिथे आपल्याला कोणाला ताटे वाढावी लागणार नाहीत तिथे चला.

त्यामुळे कोल्हापूर-पन्हाळा ठरले आहे. समुद्राचे नणंदेला आणि मुलांना मे महिन्याचे वचन दिले आहे, आणि तेव्हा गुहागरला घरगुती निवासात राहण्याबद्दल दाभोळची खाडी यांना पुन्हा त्रास देईन. मुक्काम पूर्ण वेळ पन्हाळ्यावरच ठेवत आहोत. एक दिवस शहराचा, त्यात सकाळी अंबाबाई आणि दुपारच्या विश्रांतीनंतर सासरे नेतील तिकडे जायचे, वेळेचे बंधन ठेवायचे नाही. जोतिबाला रविवार सोडून जाऊ. मुले, दीर आणि आम्ही खाली उतरू आणि सासूबाई वरूनच शिखरदर्शन घेतील. सासरे त्यांच्यासोबत वर थांबणार असे त्यांनी परस्पर जाहीर केले आहे, त्यामुळे पिशव्या आम्ही आमच्याबरोबरच नेऊ. मिसळीचा निर्णय पुतण्याकडे दिला आहे आणि त्याने तीन जागांची नावे काढून घरातल्या गटावर मतदान सुरू केले आहे. वर्गणीचे जाऊबाईंशी बोलले. आकडा त्यांनीच सुचवावा असे सांगितल्यावर बोलणे सोपे झाले.

आता दोनच गोष्टी राहिल्या आहेत. पन्हाळ्यावर तळमजल्यावर शेजारी-शेजारी चार खोल्या, कमोड आणि वेळेवर साधे जेवण देणारे निवासस्थान कोणाला प्रत्यक्ष माहीत असल्यास कृपया निरोपातून कळवावे. तसेच जोतिबाला कमी पायऱ्यांची बाजू नेमकी कोणत्या वाहनतळाकडून आहे, हे अलीकडे जाऊन आलेल्या कोणी सांगितले तर सासूबाईंना खाली नेण्याचाही विचार करता येईल.